छावणीतली प्रेमकथा: हसू कुठून आणायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका लष्करी किल्ल्यावर, १८७० च्या दशकात घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा तुम्ही लिहिताय. नायिका पूर्वेकडून बहिणीकडे राहायला आलेली, नायक तिथलाच तरुण लेफ्टनंट. तीन प्रकरणं झाली आहेत. गंमत आणली की इतिहास खोटा वाटतो आणि इतिहास आणला की गंमत मरते, तर दोन्हींचं प्रमाण कसं राखायचं? सोबत तिसऱ्या प्रकरणाचा प्रसंगही सांगितलाय. नायक रात्री तटावरून खाली उतरतो आणि नायिकेच्या खिडकीत रानफुलं ठेवून जातो.

गेली वीसेक वर्षं मी ऐतिहासिक प्रेमकथा लिहिते आणि इतरांच्या हस्तलिखितांवर कामही करते. तुमची अडचण मला चांगली ओळखीची आहे, पण ती प्रमाणाची आहे असं मला वाटत नाही. तुमची गंमत एका जागेतून येतेय आणि इतिहास दुसऱ्या. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगांत हसू येतं ते नायकाच्या धांदरटपणामुळे. तो धांदरटपणा साताऱ्यात चालला असता, सुरतेत चालला असता, कुठल्याही शतकात चालला असता. मग त्याच्या शेजारी इतिहास आला की तो रस्त्यावरच्या पाटीसारखा नुसता उभा राहतो. छावणीतल्या माणसांचं हसू छावणीच्याच नियमांतून, टंचाईतून आणि वेळापत्रकातून उगवलं तर दोन्ही वेगळे काढताच येणार नाहीत.

सुरुवात शब्दापासून करते. आपण ‘किल्ला’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर राजगड येतो. बुरूज, दरवाजा, तट, चोरवाट. अमेरिकन सरहद्दीवरचे बहुतेक ‘फोर्ट’ तसे नव्हतेच. त्यांना तट नव्हता. फोर्ट लॅरमी घ्या. १८३४ मध्ये कातडी-फरच्या व्यापाऱ्यांनी लॅरमी आणि नॉर्थ प्लॅट या नद्यांच्या संगमाजवळ ठाणं बांधलं. १८४९ मध्ये लष्कराने ती जागा ४००० डॉलरना विकत घेतली आणि १८९० मध्ये सोडून दिली. व्यापाऱ्यांच्या ठाण्याला भिंती होत्या, पण तुमच्या १८७० च्या दशकात तिथे होतं ते एक मोठं कवायतीचं पटांगण आणि त्याच्याभोवती सुट्या सुट्या इमारती. एका अंगाला अधिकाऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला शिपायांच्या बराकी, पलीकडे तबेले, कोठार, दुकान, इस्पितळ. मोठ्या शिबंदीवर थेट हल्ला क्वचितच होई, आणि त्या माळरानावर तट बांधण्याइतकं लाकूड ओढून आणणं म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम. अपवाद होते. उत्तरेला १८६६ मध्ये उभारलेल्या फोर्ट फिल कर्नीला लाकडी ओंडक्यांचं कुंपण होतं. म्हणून तुमचा फोर्ट नेमका कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. पण काल्पनिक नाव देणार असाल आणि काळ १८७० चा असेल, तर तट काढून टाका. आणि शब्द वापरा ‘छावणी’. देवळाली, कामठी, नगर, पुण्यातलं लष्कर ही गावं माहीत असलेल्या मराठी वाचकाला छावणी लगेच दिसते.

मी स्वतः पहिल्यांदा अशी गोष्ट लिहिली तेव्हा तिच्यात लाकडी दरवाजा होता, त्यावर पहारेकरी होता आणि दोन प्रकरणं त्या दरवाजावर उभी होती. पुढे फोर्ट लॅरमीला जायचा योग आला. वायोमिंगची राजधानी शायेन, तिथून गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं. पटांगणाच्या मधोमध उभी राहिले आणि चारी बाजूंनी नुसती हवा आली. तिथेच माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडून दरवाजा गेलाय पण त्याहून मोलाचं काहीतरी हाती आलंय. प्रत्येक घराचा व्हरांडा त्या पटांगणाकडे तोंड करून आहे. कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं, परत येताना टोपी हातात होती की डोक्यावर, हे सगळं प्रत्येकाला दिसणार. आपल्या चाळीची गॅलरीच ती! चाळीत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे प्रेम लपवायला जागाच नाही, आणि लपवायला जागा नसलेल्या ठिकाणी दोन माणसं लपवू पाहतायत, यातच अर्धी प्रेमकथा आहे.

आता नियमांकडे येते, कारण माझ्या मते खरा खजिना तिथे आहे. अधिकाऱ्यांना घर मिळे ते हुद्द्यानुसार. नवा वरिष्ठ अधिकारी बदलून आला की तो आपल्याहून कनिष्ठ असलेल्या कुणाचंही घर मागू शके. ज्याचं घर गेलं तो त्याच्याहून कनिष्ठाचं मागे, तो पुढच्याचं. विटांची रांग पडावी तशी ही पडझड होई, आणि तिथली माणसं तिला ‘विटा पडणं’ असंच म्हणत. एक कॅप्टन संध्याकाळी टांग्यातून उतरला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच-सहा बिऱ्हाडं आपापल्या पलंगांसह, भांड्यांसह, कोंबड्यांसह पटांगण ओलांडताना दिसत. शेवटी सर्वांत कनिष्ठ सेकंड लेफ्टनंट तंबूत. तुमचा नायक तोच आहे! आणि नायिकेची बहीण लेफ्टनंटची बायको असेल, तर तिचं घरही त्या रांगेत मधेच कुठेतरी आहे. उद्या नायकाला बढती मिळाली आणि नायिकेच्या बहिणीचं घर हुद्द्याने त्याच्या वाट्याला आलं तर तो काय करेल? घेतलं तर प्रेम गेलं. नाही घेतलं तर सगळ्या छावणीला कारण कळलं. यात कुणी वेंधळं नाही, कुणी दुष्ट नाही. सगळे गंभीरपणे नियम पाळतायत, आणि म्हणूनच वाचक हसतो.

हसू येण्यासाठी त्यामागचं ओझं खरं असावं लागतं, हे मात्र विसरू नका. आजारी बाई असो, तान्ह्या बाळाची आई असो, घर सोडावं लागेच. मार्था समरहेज ही लेफ्टनंटची नवी नवरी १८७४ मध्ये शायेनजवळच्या फोर्ट रसेलला आली तेव्हा तिला कळलं, की लेफ्टनंटच्या वाट्याला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच येतं. बायका युद्धखात्याच्या हिशेबातच नाहीत, हे तिला नवऱ्याने सांगितलं. तिने पुढे हे लिहून ठेवलं आणि आपल्याला ते वाचायला मिळतं. अशा बायकांच्या आठवणी मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. त्यांच्या लिहिण्यात रडणं कमी आणि निरीक्षण फार. तुमच्या नायिकेचा आवाज तिथे सापडेल.

याच्या उलट बाजूही बघा. १८०२ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीला चार धोबिणी ठेवता येत. त्यांना शिधा, राहायला जागा, सरपण आणि लष्करी डॉक्टरचे उपचार मिळत, शिवाय धुण्याचे पैसे वेगळे. म्हणजे सार्जंटच्या बायकोचं, जी धोबीण म्हणून नोंदलेली असे, छावणीतलं स्थान नियमात लिहिलेलं होतं. कर्नलच्या बायकोचं नव्हतं. छावणीच्या कडेला धोबिणींची जी ओळ असे तिला ‘साबणफेसाची आळी’ म्हणत. तुमच्या नायिकेची बहीण नाक वर करून त्या आळीवरून जाते आणि तिथली एखादी आयरिश बाई शांतपणे तिला सांगते, ‘बाईसाहेब, मी नियमात आहे, तुम्ही नाही.’ हा एक संवाद तुमच्या दोन पानांच्या ऐतिहासिक माहितीचं काम करेल. पण इथे वर्ष जपा. १८७८ मध्ये नव्या धोबिणी नेमणं बंद झालं. गोष्ट १८८२ मधली असेल तर ही आळी ओसरलेली दाखवावी लागेल.

वर्षाचा विषय निघालाच आहे तर मोकळेपणाने सांगते. ‘१८७० चं दशक’ एवढं पुरेसं नाही. नेमकं वर्ष ठरवल्याशिवाय पुढचं प्रकरण लिहू नका. रेल्वे शायेनला १८६७ मध्ये पोचली, त्यामुळे त्यानंतरची नायिका बहुतेक अंतर आगगाडीने येईल आणि शेवटचा टप्पाच धुळीतून. फोर्ट लॅरमीजवळ नॉर्थ प्लॅटवर लोखंडी पूल झाला तो १८७५ च्या सुमारास. त्याआधी नदी ओलांडायची तर पाण्याची मर्जी सांभाळावी लागे, आणि नदीला पूर आला म्हणून पाहुणा चार दिवस अडकणं प्रेमकथेला फार उपयोगी. १८७६ मात्र टाळा. त्या वर्षी फोर्ट लॅरमी युद्धाचा तळ होता आणि २५ जूनला लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन जमातींशी झालेल्या लढाईत कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीतली दोनशेहून जास्त माणसं मारली गेली. त्या उन्हाळ्यात प्रत्येक छावणीत बायका टपालाची वाट बघत होत्या. हलकी गोष्ट त्या वर्षात बसवणं मला जमलेलं नाही आणि कुणाला जमलेलं मी वाचलेलंही नाही. १८७२ किंवा १८७३ घ्या, तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळेल.

प्रेमात अडथळा काय ठेवायचा, हे तुम्ही विचारलं नाही, पण तिसऱ्या प्रकरणात तुम्ही एक खलनायक कॅप्टन आणलाय म्हणून सांगते. त्याची गरज नाही. पगार पुरेसा अडथळा आहे. पायदळातल्या सेकंड लेफ्टनंटला वर्षाला १४०० डॉलर, घोडदळातल्याला १५००. साध्या शिपायाला १८७१ नंतर महिन्याला १३. यादवी युद्धानंतर सैन्य आटलेलं, वरच्या जागा भरलेल्या, आणि बढती ज्येष्ठतेने. लेफ्टनंट दहा-बारा वर्षं लेफ्टनंटच राहिला असं सर्रास होई. नायिकेच्या बहिणीने हे स्वतः भोगलंय. ती नायकाला नाकारते ती आकसाने नव्हे, तर एका खोलीत आणि एका स्वयंपाकघरात काढलेल्या स्वतःच्या वर्षांमुळे. अशी विरोध करणारी माणसं वाचकाला आवडतात, आणि अशा माणसाचं मन वळताना बघणं हा प्रेमकथेतला सर्वांत मोठा आनंद आहे.

दुय्यम जोडी म्हणून मोलकरीण घ्या. पूर्वेकडून येताना अधिकाऱ्यांच्या बायका घरकामाला मुलगी बरोबर आणत, आणि काही महिन्यांतच ती एखाद्या सार्जंटशी किंवा शिपायाशी लग्न ठरवून मोकळी होई. शेकडो अविवाहित पुरुष आणि बोटांवर मोजता येतील इतक्या बायका, दुसरं काय होणार? शेवटी बायका मुद्दाम दिसायला साधी, वयाने थोराड मुलगी निवडून आणू लागल्या, तरी तिचंही लग्न होईच. शिपायाला लग्नासाठी कंपनीच्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. म्हणजे तुमच्या नायकाला, ज्याला स्वतःचं प्रेम सांगता येत नाही, दुसऱ्याच्या लग्नाच्या अर्जावर शेरा लिहायला बसवता येईल. कॅप्टन आणि फर्स्ट लेफ्टनंट दोघांनाही रजेवर पाठवा, म्हणजे कंपनी त्याच्या हातात येईल.

खाणंपिणं नीट बघा. कडक बिस्किट, खारवलेलं डुकराचं मांस, घेवडा, कॉफी हे रोजचं. डब्यातले पीच आणि डब्यातले कालव हे मेजवानीचं. ताजं लोणी, दूध, अंडी यांची कायम वानवा. भाज्या नसल्या की हिरड्या सुजायच्या, म्हणून छावण्या स्वतःचे मळे करत. ज्या ठिकाणी अंडं दुर्मीळ आहे तिथे प्रेमाची भेट अंडीच असणार.

नाचाचा प्रसंग तुम्ही लिहिणारच, लिहायलाच हवा. पण त्याआधी एक रात्र लक्षात ठेवा. फोर्ट लॅरमीत १८४९ मध्ये बांधलेली दुमजली लाकडी इमारत अजून उभी आहे. अविवाहित अधिकाऱ्यांच्या गोंगाटामुळे तिला ‘ओल्ड बेडलम’ नाव पडलं असं म्हणतात; बेडलम म्हणजे नुसता गोंधळ-गोंगाट. १८६६ च्या नाताळच्या रात्री तिथे नाच रंगात होता. जॉन फिलिप्स नावाचा माणूस थंडीत २३६ मैलांवरून घोडा दौडवत आला आणि त्याने बातमी आणली, की २१ डिसेंबरला फोर्ट फिल कर्नीबाहेर कॅप्टन फेटरमनसह ८१ माणसं मारली गेली आहेत. नाच थांबला. तुम्ही हा प्रसंग वापरा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या नाचात सगळे हसत असताना दार उघडलं की एखाद्या वयस्क बाईने क्षणभर दाराकडे बघावं. १८७२ मध्ये त्या खोलीत तशी बाई असणारच. तेवढ्या एका नजरेने इतिहास आत येतो आणि हसू मरत नाही.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. तुमच्या गोषवाऱ्यात लकोटा माणसं, म्हणजे त्या माळरानावरचे मूळ रहिवासी, फक्त एका वाक्यात, दूरवरचा धूर म्हणून येतात. असं करू नका. ती जमीन त्यांची होती. १८६८ चा तह फोर्ट लॅरमीतच झाला आणि त्यात ब्लॅक हिल्स या डोंगरांसह मोठा प्रदेश त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये ते डोंगर काढून घेतले गेले. तुमची पात्रं १८७२ मध्ये आहेत, त्यांना हे माहीत नाही. तुम्हाला आणि वाचकाला माहीत आहे. छावणीच्या शेजारी लकोटा कुटुंबं राहत होती, व्यापाऱ्यांची आणि दुभाष्यांची लकोटा बायकांशी लग्नं झालेली होती, त्यांची मुलं दोन्ही भाषा बोलत होती. ती तुमच्या गोष्टीत येऊ द्या.

त्यांना रडव्या प्रेमाची सजावट मात्र करू नका. याचं खरं उदाहरण आहे. लकोटांच्या ब्रूले शाखेचे प्रमुख स्पॉटेड टेल यांची मुलगी १८६६ च्या हिवाळ्यात वारली आणि तिच्या इच्छेप्रमाणे वडिलांनी तिला फोर्ट लॅरमीजवळ निरोप द्यायची परवानगी मागितली. कर्नल मेनाडिअर यांनी सन्मानाने ती दिली. लकोटा रीतीप्रमाणे उंच मचाणावर पेटी ठेवली गेली, लष्कराच्या पाद्रीनेही प्रार्थना म्हटली. पुढे लोकांनी त्यावर कथा रचली, की ती एका गोऱ्या अधिकाऱ्यावर प्रेम करून झुरून मेली. एका बापाच्या दुःखावर आणि मुत्सद्देगिरीवर दुसऱ्याच माणसांनी आपली प्रेमकथा चढवली. मी जेव्हा जेव्हा अशा गोष्टीवर काम करते तेव्हा ही मुलगी मला आठवते.

आणि हलक्या गोष्टीसाठी लकोटांकडे खरोखर काय आहे ते सांगते, मराठी वाचकाला याचा फार आनंद होईल. लकोटा नातेसंबंधांत मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय यांनी एकमेकांची चेष्टा करायची असते. नुसती चालते असं नाही, ती नात्याची रीतच आहे. उलट सासू आणि जावई यांनी आदराने एकमेकांशी थेट बोलणं टाळायचं. आपल्याकडे लग्नात जोडे लपवणाऱ्या मेहुण्या आठवा. दुभाष्याच्या घरची एखादी मेहुणी तुमच्या लाजऱ्या लेफ्टनंटची फिरकी घेतेय आणि त्याला ती गंमत आहे की अपमान हेच कळत नाही, असा प्रसंग लिहा. त्यात हसणारी ती आहे आणि शिकणारा तो आहे.

भाषेचं एक सांगते आणि थांबते. इंग्रजीत जे नाही ते आपल्याकडे आहे: तुम्ही आणि तू. नायक-नायिका पंधरा प्रकरणं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणू देत. ‘मिस’, ‘लेफ्टनंट’ हेही राहू देत. हुद्द्यांचं सुभेदार-हवालदार असं भाषांतर करू नका, वाचक लगेच दुसऱ्या सैन्यात जातो. पलटण, रिसाला, बिगुल, तबेला हे शब्द मात्र बिनधास्त वापरा. आणि मग एके दिवशी, घाईत, कुणाच्या लक्षात येण्याआधी, त्याच्या तोंडून ‘तू’ निघू दे. पुढचं वाक्य लिहायची घाई करू नका. बिगुलाने प्रेमाची कबुली अडवायची युक्ती संपूर्ण कादंबरीत एकदाच वापरा, आणि ती इथे वापरू नका.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहा. रात्र नको, तट नाही, फुलं नकोत. नायकाला धोबिणींच्या आळीतून कसंबसं सहा अंडी मिळाली आहेत. भर दुपारची वेळ. बहिणीचं घर पटांगणाच्या पलीकडे. सगळे व्हरांडे भरलेले. तीन अंडी एका हातात, तीन दुसऱ्या, आणि तो निम्म्या वाटेवर आलाय. समोरून एक शिपाई येतो, थांबतो, ताठ होतो आणि कडक सलाम ठोकतो. अधिकाऱ्याने सलामाला उत्तर द्यायचंच असतं. नायिका व्हरांड्यात उभी राहून बघतेय.